वॉर्म जवारी

“उबदार?” अब्बांनी कानस मांडीवर ठेवली. “तंबोरा पाहिजे का गोधडी, विचार तिला.”

मी काही ते विचारलं नाही. समोर सतरंजीवर डोरीनबाई मांडी घालून बसल्या होत्या, फिक्या निळ्या सुती साडीत, आणि आमच्या दोघांकडे बघून हसत होत्या. त्या कायमच हसायच्या. चहा दिला की हसायच्या, चहात माशी पडली तरी हसायच्या.

“त्यांचा शब्द वॉर्म असा आहे,” मी म्हणाले. “उबदार हा आपला माझ्याकडचा.”

“मग तुझ्याकडचा बदलून दे की.”

ही एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मिरजेत आमचं तंबोऱ्यांचं दुकान होतं, खाली दुकान, मागे घर आणि वर भोपळ्यांची माडी. घरात आम्ही दख्खनी बोलायचो, पण मी सांगतेय मराठीत, तेव्हा अब्बांनाही मराठीच बोलायला लावते. ते तक्रार करायचे नाहीत, बोलण्यापेक्षा वाजवण्यातच त्यांचा जीव होता.

दस्तगीरची, म्हणजे अब्बांची, जवारी म्हटलं की धारवाडपासून पुण्यापर्यंत गवई मान डोलवायचे. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. त्या घोडीची पाठ कानशीनं इतकी हलकी घासायची की तार तिच्यावर टेकते आणि टेकतही नाही. तशी ती टेकली की सुराभोवती झंकार उठतो. तीच जवारी. तारा बाजूला सारायच्या, कानस एकदा-दोनदा फिरवायची, तारा परत बसवायच्या, खाली सुताचा धागा सरकवायचा आणि ऐकायचं. पुन्हा सारायच्या. दुकानात हे चालू असताना कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा. फेरीवाल्यांनाही तो पाठ होता, आमच्या दारासमोरून जाताना ते ओरडणं गिळायचे.

माझा भाऊ मुनीर ही कानस घेणार होता, पण त्यानं मस्कत गाठलं आणि तिथं थंड हवेची यंत्रं दुरुस्त करायला लागला. सुट्टीवर आला की म्हणायचा, “अब्बा, दुकान कॅसेटवाल्याला भाड्यानं द्या नि आराम करा.” अब्बा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी तेव्हा बावीस वर्षांची, एफ.वाय.पर्यंत शिकलेली. पॉलिश करायचं, तारांत मणी ओवायचे, खुंट्यांना खडू लावायचा, ही माझी कामं. आणि डोरीनबाई आल्यापासून आणखी एक काम वाढलं होतं, दोघांच्या मध्ये बसायचं.

बाई इंग्लंडच्या. बारा-तेरा वर्षं पुण्यात एका गायिकेकडे शिकल्या, त्यांच्या मागं बसून तंबोरा छेडला. गुरुबाई गेल्या तशा ह्या आता कायमच्या परत निघाल्या होत्या. जाण्याआधी एक जनानी तंबोरा मिरजेहून घ्यायचा, एवढंच राहिलं होतं. हिंदी बोलायच्या, मराठीही मोडकीतोडकी बोलायच्या, पण आवाजाबद्दल सांगायची वेळ आली की त्यांचं गाडं त्या एका इंग्रजी शब्दावर येऊन अडायचं.

“कोमट,” मी दुसरा शब्द दिला.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मग निमूट तारा सारल्या. कोमट म्हणजे धार मोडलेली, असा त्यांनी अर्थ लावला असावा. तासाभरानं तंबोरा वाजला तेव्हा त्याचा आवाज आजारातून उठलेल्या माणसासारखा मलूल होता. डोरीनबाईंनी डोळे मिटून ऐकलं, डोळे उघडले, हसल्या.

“फार सुंदर,” त्या म्हणाल्या. “पण वॉर्म नाही अजून.”

संध्याकाळी मी शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी काढली. अम्मी भाकऱ्या थापत होती आणि अब्बा चुलीपुढं हात शेकत बसले होते.

“पाणी वॉर्म असतं,” मी वाचून सांगायला लागले. “कपडे वॉर्म असतात, माणूस वॉर्म असतो, म्हणजे मायाळू. रंग वॉर्म असतो, तांबडा, पिवळा. भांडण वॉर्म असतं.”

“भांडणसुद्धा?”

“तापलेलं असलं की. आणि शिकारी कुत्र्याला वास वॉर्म लागतो, जनावर आत्ताच तिथून गेलेलं असलं तर.”

“एवढ्या सगळ्याला एकच शब्द?” अब्बा म्हणाले. “एवढं राज्य केलं, शब्दांची मात्र टंचाईच.”

“आपलं गोड काय वेगळं आहे?” मी म्हटलं. “गोड गळा, गोड पाणी, गोडं तेल, गोडा मसाला. आता गोड्या मसाल्यात साखर कुठं असते? आणि तुम्हीच नाही का गिऱ्हाइकाला सांगत, एवढं गोड मानून घ्या म्हणून?”

अब्बांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, “ते वेगळं. गोड म्हटलं की कळतं.”

“तसं त्यांना वॉर्म म्हटलं की कळतं.”

“चुलीजवळ ठेवा की तंबोरा,” अम्मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “आपोआप होईल वॉर्म.”

आम्ही तिघंही हसलो, पण अब्बांचं हसू लवकर विझलं. एक घोडी त्यांच्या हातून वाया गेली होती. जास्त घासली गेली की घोडी मेली, मग तिच्यावर तार नुसती ठणठणते. अब्बांच्या हातून घोडी मेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मायाळू हा अर्थ दिला. अब्बांनी माया ओतली. पोरीला सासरी पाठवताना आई जशी बोलते तसा तंबोरा लाडिक बोलायला लागला. माझ्याच अंगावर काटा आला, आणि तो कौतुकाचा नव्हता. डोरीनबाई हसल्या. फार सुंदर, त्या म्हणाल्या, पण. मग मी तांबडा-पिवळा दिला. अब्बांनी जवारी खुली केली, झगझगीत, दुकानातली पितळेची भांडी थरथरली. बाई हसल्या. फार सुंदर.

“हिच्या तोंडावरची रेघ हलत नाही,” अब्बा माझ्याकडे वळून चिडून म्हणाले. “आपला माणूस कसा, आवडलं नाही तर नाक मुरडतो, आवडलं तर वाहवा करतो. हिचं काय? आवडलं तरी हसती, नाही आवडलं तरी हसती. गिऱ्हाईक आहे का फोटो?”

डोरीनबाईंनी मला विचारलं, उस्ताद काय म्हणाले. मी म्हटलं, उस्ताद म्हणतात आणखी एकदा बघू. त्यावरही त्या हसल्या.

दुसरी घोडीही गेली. अब्बांनी आतल्या कोनाड्यातून कापडात बांधलेलं एक हाड आणलं. त्यांच्या वडिलांच्या वेळचं, तुपाच्या रंगावर गेलेलं, पुरतं मुरलेलं. असं हाड आता मिळत नाही, हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. त्यांनी ते दिवसभर बसून कापलं, घासलं, घोडी बनवली. तंबोऱ्यावर ती चढवली आणि मग मला म्हणाले,

“ही शेवटची. हिच्यावर नाही आली तर मी कानस ठेवून दिली समज. मुनीरला कळव, दे म्हणावं दुकान तुझ्या कॅसेटवाल्याला.”

“असं काय बोलता अब्बा? एका गिऱ्हाइकासाठी?”

“एका गिऱ्हाइकासाठीच,” ते म्हणाले आणि तोंड धुवायला मोरीत गेले.

मला त्या रागाचा अर्थ लागेना. इतक्या वर्षांत एखादं गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं नसेल असं थोडंच? पण एक गोष्ट मला स्वच्छ कळली. जन्मल्यापासून माझ्या कानात जो नाद होता, ज्याच्यात मी झोपले, उठले, अभ्यास केला, तो त्या घोडीवर टांगलेला होता. त्याच्या जागी हिंदी सिनेमाच्या कॅसेटी वाजणार, ह्या विचारानं मला रडू फुटलं. मी ते माडीवर जाऊन रडले.

माडीवर भोपळे होते. मंगळवेढ्याकडून आणलेले, वाळवलेले, मोठे-धाकटे, आढ्याला दोरीनं टांगलेले आणि जमिनीवर गवतात निजवलेले. कौलात बसवलेल्या काचेतून उन्हाची एक पट्टी यायची आणि दुपारभर एका भोपळ्यावरून दुसऱ्यावर सरकत जायची. खाली अब्बा नवी घोडी न घासता नुसत्याच तारा छेडत बसले होते. तो नाद फळ्यांमधून वर यायचा आणि एकेक रिकामा भोपळा त्याला अगदी हळू हुंकार द्यायचा. ओळखीच्या माणसालाच तो ऐकू यायचा.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. डोरीनबाई आल्या आणि काही न विचारता माझ्याशेजारी गवतात बसल्या.

“मी उस्तादांना फार त्रास देते आहे,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला काय पाहिजे ते मला कळत नाही हो, बाई. मला कळलं तर मी त्यांना सांगेन ना.”

त्या वर टांगलेल्या भोपळ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “लहानपणी आम्ही एक खेळ खेळायचो. एकानं वस्तू लपवायची, दुसऱ्यानं शोधायची. शोधणारा जवळ आला की ओरडायचं, वॉर्म! लांब गेला की कोल्ड.”

“आणि जवळ आला पण हाताला लागलं नाही तर?”

“तर वॉर्मच. लागलं की खेळ संपला.” त्यांनी गवताची एक काडी उचलली. “माझ्या बाई गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांना नेलं होतं. त्या ज्या गादीवर बसून शिकवायच्या तिच्यावर मी हात ठेवला. ती थंड होती, मेहरून. मला वाटलं होतं, असेल थोडी. त्यांच्या तंबोऱ्यात मात्र त्या गाऊन उठल्या तरी बसलेल्या असायच्या. आता तो तंबोरा त्यांच्या मुलानं नेला. माझ्या गावी कुणी नाही. मी एकटीच गाणार. मला तेवढं पाहिजे. कुणीतरी आत्ता इथून उठलंय, एवढं.”

हे सांगतानाही त्या हसत होत्या. तेव्हा मला त्या हसण्याचा राग यायचा थांबला.

बोलता बोलता आम्ही दोघी तिथंच लवंडलो. उन्हाची पट्टी माझ्या पायांवर आली, पोटावर आली. मला झोप लागली की नाही ते सांगता येत नाही. मी पाच-सहा वर्षांची होते आणि मला ताप होता. पहाटे अम्मी माझ्याजवळून उठून चुलीकडे गेली होती. मी डोळे न उघडता हात लांब केला, तर तिच्या जागेवर ती नव्हती, पण जागा तिची होती. मी त्या जागेत सरकले, आणि तिकडे भांडी वाजत होती, आणि नाद चालू होता, खालून की तापातून कोण जाणे. त्या नादात एक तार वाजून सरली की दुसरी वाजायच्या आत मध्ये एक पोकळी यायची, आणि त्या पोकळीत कुणी नव्हतं. ती पोकळी भरलेली पाहिजे. एक तार उठून जाताना तिनं जागा तशीच ठेवली पाहिजे. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी दचकून उठले, आणि उठल्यावर ते कुठल्याच शब्दात सांगता येईना.

मी धावत खाली गेले.

“अब्बा, मला कळलं.”

“काय?”

“आई उठून गेल्यावर,” मी म्हणाले. “म्हणजे अंथरुणात. ती नसते, पण...”

अब्बांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मोजल्यासारखं होतं. मग त्यांनी डोरीनबाईंना हाक मारायला सांगितली.

बाई खाली येऊन नेहमीच्या जागी बसल्या. मी त्यांच्या बाजूला बसायला लागले तर अब्बा म्हणाले, “तिथं नको. तू तिच्या मागं दाराशी बस. उजेडात.”

“तिथून तुम्हाला माझं ऐकू येणार नाही, अब्बा. सांगायचं झालं तर...”

“सांगायचं नाहीच काही. बस.”

मी दाराशी बसले. रस्त्यावर ऊन होतं, ते माझ्या अर्ध्या तोंडावर पडत होतं. अब्बांनी तारा सारल्या. कानस फिरली. तो आवाज इतका बारीक असतो, कुणी कानापाशी बोटावर बोट घासावं तेवढा. तारा बसल्या. त्यांनी छेडलं. पंचम, जोड, खर्ज. डोरीनबाईंनी डोळे मिटले होते. मीही मिटणार होते, पण अब्बा म्हणाले नाहीत तरी मला वाटलं की मिटू नयेत. नाद लांब होता. पोकळी रिकामी होती.

पुन्हा कानस. पुन्हा तारा. दोन जोडांच्या मध्ये काहीतरी आलं आणि निघून गेलं. पुन्हा. आता ते जास्त वेळ थांबलं. माझा श्वास अडला. पुन्हा. नाही, लांब गेलं, मला चुकल्यासारखं झालं. अब्बांनी धागा केसभर मागं घेतला. ते परत आलं. किती वेळ असं चाललं कोण जाणे. दुकान, रस्ता, ऊन, सगळं त्या एका नादात हळूहळू सैल होत गेलं. मला वाटलं मी अजून माडीवरच आहे आणि उन्हाची पट्टी माझ्या पोटावर आहे. घोडीवर आता फार तर एक हात फिरवण्यापुरतं हाड उरलं होतं. अब्बांनी तो एक हात फिरवला.

आणि तार वाजून गेली, पण गेली नाही.

मी रडत होते हे मला गालावर ओल आली तेव्हा कळलं. डोरीनबाईंनी अजून डोळे उघडले नव्हते. त्या अजून तशाच हसत होत्या. पण अब्बांनी कानस खाली ठेवली होती. गिऱ्हाइकानं हूं की चूं केलं नव्हतं, आणि आमच्या अब्बांनी कानस ठेवून हात पुसायला घेतले होते.

मग बाई गायला लागल्या. षड्ज लावला फक्त, आणि तो लावून त्यावरच बसून राहिल्या. मध्येच त्यांचा आवाज तुटला. डोळे उघडून त्यांनी त्यांच्या मोडक्या मराठीत म्हटलं, “आहेत. बाई आहेत.” आणि हसणं त्यांना जमलं नाही.

शुक्रवारच्या गाडीनं त्या गेल्या. तंबोरा गवसणीत घालून तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्टेशनवरून परत येताना टांग्यात मी अब्बांना विचारलं, “त्यांनी काही सांगायच्या आधीच तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं की.”

“पण कसं?”

“तुला काय करायचंय?” ते म्हणाले आणि टांगेवाल्याशी घोड्याच्या नालाबद्दल बोलायला लागले. मी मनात म्हटलं, ह्याला म्हणतात उस्ताद. दुकान राहिलं, नाद राहिला, अब्बांची कानस राहिली. मी इतकी खूश होते की त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या खुंट्यांना मी नव्यानं पॉलिश केलं.

दोन दिवसांनी जमखंडीचे नरहरबुवा आले. जुनं गिऱ्हाईक, अब्बांच्या वयाचे, पट्टीचे कीर्तनकार आणि तितकेच पट्टीचे बोलणारे. त्यांच्या मर्दानी तंबोऱ्याची जवारी झिजून बसली होती, आवाज बोथट झाला होता. अब्बांनी तंबोरा समोर घेतला, घोडीवर बोट फिरवलं. मग कानस उचलली आणि ती माझ्यापुढं धरली.

मला वाटलं पुसायला दिली. मी फडकं शोधायला लागले.

“काढ,” अब्बा म्हणाले.

“काय काढू?”

“जवारी.”

बुवा आधी हसले. मग अब्बा हसत नाहीत हे बघून थांबले. “दस्तगीरभाई, थट्टा करता का? मी एवढ्या लांबून तुमच्या हाताची जवारी घ्यायला आलो, पोरीच्या नाही.”

“माझ्या हाताची तुम्हाला आता मिळायची नाही, बुवा.”

“का? हाताला काय झालं?”

“हाताला काही नाही. कान गेले.” अब्बा अगदी साध्या आवाजात बोलत होते. “चार-पाच वर्षं झाली. बोलणं ऐकू येतं, खर्ज कळतो. वरचं काही येत नाही, जवारी तर नाहीच. तुमच्यासारख्यांच्या तोंडाकडं बघून मी काढत आलो. तुम्ही नाक मुरडलं की समजायचं अजून नाही, वाहवा म्हटलं की कानस ठेवायची. ती गोरी बाई आली, तिच्या तोंडावर काही दिसेना. दोन घोड्या मारल्या मी. मग हिला उजेडात बसवली आणि हिच्या तोंडाकडं बघून काढली.”

अम्मी आतल्या दारात येऊन उभी होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. तिलाही हे माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्या नादात मी जन्मले, तो अब्बांच्या कानातून कधीच निघून गेला होता, आणि ते रोज त्याच्यासमोर बसत होते.

“अब्बा,” मी म्हणाले.

“कान हिचे आहेत, बुवा,” ते म्हणाले. “हात माझ्यापेक्षा हलका पडेल. घ्यायची तर घ्या.”

त्यांनी कानस माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली. मग बुवांच्या तोंडाकडे एकदाही न बघता ते उठले, टोपी घातली आणि कोपऱ्यावर चहा सांगायला निघून गेले.

बुवा माझ्याकडे बघत होते. मी बुवांकडे बघितलं नाही. मी तारा बाजूला सारल्या.